जिमी कार्टर : भलत्याच पेपरात नापास

१९६६ साली मुंबईत विक्रोळीला एक अमेरिकन बाई राहायला आल्या. वय वर्षं अडुसष्ट, पेशा नर्सचा, नवरा वारलेला, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. अमेरिकेच्या 'पीस कोअर' योजनेत नाव नोंदवून त्या आल्या होत्या. गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं आणि मग दवाखान्यात शुश्रूषेचं काम करत त्यांनी जवळजवळ दोन वर्षं काढली. त्याच साली तिकडे जॉर्जिया राज्यात त्यांचा थोरला मुलगा गव्हर्नरच्या निवडणुकीत पक्षाच्या प्राथमिक फेरीतच आपटला होता. भुईमुगाचा व्यापारी, त्याआधी नौदलात पाणबुड्यांवर. दहा वर्षांनी हाच मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. बाईंचं नाव लिलियन कार्टर, मुलाचं जिमी.

नमनालाच विक्रोळी आणायचं कारण एवढंच की कार्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे असंच काहीतरी येतं : सेवा, साधेपणा, हातोडा घेऊन गरिबांची घरं बांधणारा म्हातारा. हा हातोडा २००६ च्या ऑक्टोबरात आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीलाही येऊन गेला. 'हॅबिटाट फॉर ह्युमॅनिटी'च्या स्वयंसेवकांबरोबर कार्टर पतीपत्नींनी तिथे शंभर घरांच्या बांधकामात भाग घेतला, आणि तेव्हा कार्टर ब्याऐंशी वर्षांचे होते. पेपरात फोटो आले होते. सोबत ब्रॅड पिट असल्यामुळे जरा जास्तच आले :)

२९ डिसेंबर २०२४ ला कार्टर गेले, वयाची शंभरी पूर्ण करून. त्यानंतर जे मृत्युलेख वाचले त्यातल्या बहुतेकांचा सूर एकच होता. माणूस देवमाणूस, पण राष्ट्राध्यक्ष म्हणून पुचाट. इराणने बावन्न माणसं ओलीस ठेवली आणि हा गृहस्थ हातावर हात धरून बसला. पुढे माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून मात्र काय छान काम केलं हो!

मला या निकालाचे दोन्ही अर्धे पटत नाहीत. परराष्ट्र धोरण एवढ्याच विषयापुरतं बोलायचं तर कार्टर यांना ज्या पेपरात नापास केलं त्यात ते निदान काठावर पास होते. ज्या पेपरात ते खरंच नापास होते तो कोणी तपासायलाच घेतला नाही. आणि सगळ्यात जास्त मार्क मिळाले ते घरं बांधण्याचे, जो विषय परीक्षेत नव्हताच.

आधी माणसाबद्दल थोडं, कारण ते पुढे लागणार आहे. कार्टर नौदल अकादमीतून १९४६ साली बाहेर पडले आणि अणुपाणबुड्यांचा जनक मानल्या जाणाऱ्या हायमन रिकोव्हर या महाकडक अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांनी काम केलं. म्हणजे पिंड इंजिनियरचा. प्रत्येक फाईल शेवटच्या पानापर्यंत वाचणार, समासात पेन्सिलीने शेरे मारणार, व्याकरणाच्या चुकासुद्धा दुरुस्त करणार. त्यांचं भाषण लिहिणाऱ्या जेम्स फॅलोज यांनी १९७९ साली नोकरी सोडल्यावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं की व्हाईट हाऊसच्या टेनिस कोर्टवर कोणी कधी खेळायचं याच्या परवानग्यादेखील राष्ट्राध्यक्ष स्वतः बघतात! कार्टर यांनी याचा इन्कार केला, पण गोष्ट चिकटली ती चिकटलीच. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा नमुना समजावून सांगायची गरज नाही. स्वतः उत्तम प्रोग्रामर असलेला आणि म्हणूनच म्यानेजर म्हणून डोकेदुखी ठरणारा माणूस प्रत्येक कंपनीत एक तरी असतो.

पण गंमत अशी की हाच दुर्गुण एका ठिकाणी जबरदस्त कामाला आला. ते ठिकाण म्हणजे कॅम्प डेव्हिड.

१९४८, १९५६, १९६७ आणि १९७३. पंचवीस वर्षांत इजिप्त आणि इस्रायल चार वेळा लढले (मधे तोफांची रोजची चकमक चालू होती ती वेगळीच). १९७७ च्या नोव्हेंबरात इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात अचानक जेरुसलेमला जाऊन आले, सगळं जग अवाक झालं, आणि मग वाटाघाटी जिथल्या तिथे रुतून बसल्या. सप्टेंबर १९७८ मध्ये कार्टर यांनी सादात आणि इस्रायलचे पंतप्रधान मेनाकेम बेगिन या दोघांना मेरीलँडच्या डोंगरातल्या आपल्या विश्रामस्थानी बोलावलं आणि अक्षरशः कोंडून घातलं. पत्रकार बाहेर. ५ सप्टेंबर ते १७ सप्टेंबर, तेरा दिवस.

महासत्तेच्या प्रमुखाने तेरा दिवस एकाच प्रश्नावर बसून राहायचं हा शुद्ध वेडेपणा होता. राजकारणाचा साधा नियम असा की शिखर परिषदेआधी खालच्या लोकांनी सगळं ठरवून ठेवायचं आणि मोठ्यांनी येऊन फक्त सही करायची. इथे काहीच ठरलेलं नव्हतं. पहिल्या दोनतीन दिवसांतच सादात आणि बेगिन एकमेकांवर इतके उखडले की पुढे जवळजवळ शेवटपर्यंत त्यांची वाटाघाटीला म्हणून समोरासमोर गाठ पडू दिली नाही. मग कार्टर या झोपडीतून त्या झोपडीत. मसुदा लिहायचा, एकाला दाखवायचा, त्याचे आक्षेप घ्यायचे, रात्री बदल करायचे, सकाळी दुसऱ्याला दाखवायचा. असे एकूण तेवीस मसुदे झाले. सिनाईचा नकाशा कार्टर यांना तोंडपाठ होता. कुठला विमानतळ, कुठली वस्ती, कुठली रेषा. टेनिस कोर्टची परवानगी बघणारा माणूस तो हाच!

अकराव्या दिवशी सादात यांनी सामान बांधलं. कार्टर त्यांच्या झोपडीत गेले आणि आत्ता निघालात तर आपली मैत्री संपली, अमेरिका-इजिप्त संबंधही संपले, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. 'पुचाट' माणूस असं बोलत नाही. शेवटच्या दिवशी जेरुसलेमच्या मुद्द्यावर बेगिन अडून बसले. त्यांना नातवंडांसाठी तिघांच्या फोटोवर सह्या हव्या होत्या. कार्टर यांनी सेक्रेटरीकडून सगळ्या नातवंडांची नावं मिळवली आणि एकेका फोटोवर एकेक नाव घालून ते स्वतः बेगिन यांच्याकडे घेऊन गेले. बेगिन एकेक नाव मोठ्याने वाचत गेले आणि त्यांचे डोळे भरून आले, असं कार्टर यांनीच पुढे सांगितलं आहे. तेवढ्याने करार झाला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण तेवीस मसुद्यांनंतर एखादी गोष्ट उरते ती कागदावरची नसते, हेही खरं.

२६ मार्च १९७९ ला शांतता करारावर सह्या झाल्या. एप्रिल १९८२ मध्ये इस्रायलने सिनाईतून पूर्ण माघार घेतली. मधल्या काळात सादात यांची हत्या झाली, इजिप्तला अरब लीगमधून निलंबित केलं गेलं, मुबारक आले नि गेले, मुस्लिम ब्रदरहूड आली नि गेली, लेबनॉन झालं, गाझा अनेकदा झालं. इजिप्त आणि इस्रायल यांच्यात पाचवं युद्ध झालं नाही. सिनाईतल्या रणगाड्यांच्या लढाईत १९८४ साली किंवा १९९१ साली जी पोरं मेली असती ती मेली नाहीत. आता त्यांचा सिनेमा कसा काढणार? न पडलेल्या पुलाचा फोटो कोणी छापत नाही.

करारात भोकं होती आणि ती मोठी होती. पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा जो दुसरा भाग होता तो कागदावरच राहिला. नव्या वस्त्या किती काळ थांबवायच्या यावर कार्टर आणि बेगिन यांच्या समजुतीच वेगळ्या निघाल्या. कार्टर म्हणत स्वायत्ततेची बोलणी चालतील तोपर्यंत, बेगिन म्हणत तीन महिने. इतके कागद वाचणाऱ्या माणसाने नेमका हा एक मुद्दा लेखी पक्का न करता कसा सोडला याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. त्याची किंमत ज्यांनी मोजली ते पॅलेस्टिनी लोक त्या झोपड्यांमध्ये हजरच नव्हते. असो.

पनामाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. कालवा पनामाचा, पण कालव्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी १९०३ पासून अमेरिकेच्या ताब्यात. १९६४ साली तिथे झेंडा लावण्यावरून दंगल होऊन वीसच्या वर पनामी माणसं मेली होती. कार्टर यांनी सप्टेंबर १९७७ मध्ये कालवा परत देण्याच्या करारावर सही केली आणि अमेरिकेत आगडोंब उसळला. आम्ही बांधला, आम्ही पैसे दिले, तो आमचा, अशी रीगन यांची घोषणा होती. पण तो कालवा चालतो कसा ते बघा. मधोमध समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचावर धरणाने अडवलेलं गाटून तलावाचं गोडं पाणी आहे. ते सोडून सोडून जहाजं वर चढवायची आणि खाली उतरवायची. चिडलेल्या मुलखात अशा धरणाचं आणि दरवाज्यांचं घातपातापासून रक्षण करत बसणं म्हणजे काय, हे कुठल्याही सेनापतीला कळत होतं, आणि अमेरिकेच्या सेनाप्रमुखांनी कराराला पाठिंबाच दिला. सिनेटमध्ये दोन्ही करार ६८ विरुद्ध ३२ असे मंजूर झाले. दोनतृतीयांशासाठी ६७ हवी होती, म्हणजे एकच मत जास्त. बाजूने मत देणारे कित्येक सिनेटर पुढच्या दोन निवडणुकांत घरी गेले.

३१ डिसेंबर १९९९ ला कालवा पनामाकडे गेला, आणि या मंडळींना तो चालवता येणार नाही म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून पनामाने २०१६ साली तो रुंद करून दाखवला. ७ जानेवारी २०२५ ला कार्टर यांची शवपेटी वॉशिंग्टनला पोहोचली. त्याच दिवशी फ्लोरिडात पत्रकारांसमोर डोनाल्ड ट्रम्प हा कालवा देणं ही केवढी घोडचूक होती ते सांगत होते, आणि २० तारखेच्या शपथविधीच्या भाषणात तो परत घेण्याची भाषा त्यांनी केली. सत्तेचाळीस वर्षांनी त्याच वाक्यावर अजून टाळ्या पडतात.

आता इराण.

३१ डिसेंबर १९७७. तेहरानमध्ये शहांच्या मेजवानीत कार्टर यांनी पेला उंचावून सांगितलं की या अशांत प्रदेशात इराण हे स्थैर्याचं बेट आहे. तेरा महिन्यांत शहा परागंदा आणि खोमेनी तेहरानमध्ये. त्या मधल्या काळातल्या तारखा जुळवून पाहिल्या की चमकायला होतं. ८ सप्टेंबर १९७८ ला तेहरानच्या जालेह चौकात सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. कार्टर तेव्हा कुठे होते? कॅम्प डेव्हिडला, मसुदे लिहीत. दोन दिवसांनी त्यांनी तिथूनच शहांना फोन केला, पाठिंबा आहे म्हणून सांगितलं, आणि पुन्हा सिनाईच्या नकाशाकडे वळले.

इथे माझ्या मते त्यांच्या इंजिनियरपणाची मर्यादा दिसते. कॅम्प डेव्हिडचा प्रश्न बंद खोलीतला होता. दोन माणसं, एक मजकूर, कितीही अवघड असला तरी ठरलेल्या कक्षेतला. इराणचा प्रश्न रस्त्यावरचा होता. त्याचा मसुदा नव्हता, ज्याच्याशी बोलायचं तो माणूस महिन्यागणिक बदलत होता, आणि सल्लागार दोन दिशांना ओढत होते. सुरक्षा सल्लागार ब्रेझिन्स्की म्हणत शहांनी बळ वापरावं, परराष्ट्रमंत्री व्हान्स म्हणत विरोधकांशी बोलावं. कार्टर यांनी दोघांचंही अर्धं अर्धं ऐकलं. असल्या प्रश्नात अर्धं अर्धं ऐकणं म्हणजे कोणाचंच न ऐकणं.

मग आला २२ ऑक्टोबर १९७९. कर्करोगाने आजारी शहांना उपचारासाठी अमेरिकेत येऊ द्यायचं की नाही? कार्टर बरेच महिने नाही म्हणत होते. किसिंजर, डेव्हिड रॉकफेलर वगैरे बडी मंडळी मागे लागली होती, शेवटी स्वतःचे सल्लागारही हो म्हणाले. तेव्हा कार्टर यांनी त्यांना विचारलं होतं की उद्या त्यांनी आपल्या वकिलातीत घुसून आपली माणसं ओलीस धरली तर तुम्ही मला काय करायला सांगणार आहात? कोणाकडे उत्तर नव्हतं. म्हणजे बग दिसला होता, नेमक्या शब्दांत नोंदवला होता, आणि तरी रिलीज गेलं. तेरा दिवसांनी, ४ नोव्हेंबरला, वकिलात पडली.

पुढचे ४४४ दिवस म्हणजे लोकांच्या लेखी कार्टर यांची सगळी कारकीर्द. रोज रात्री टीव्हीवर दिवस मोजले जात. एप्रिल १९८० मध्ये सुटकेची मोहीम आखली. वाळवंटातल्या एका तळावर आठ हेलिकॉप्टरं पाठवायची, पुढे जायला किमान सहा लागणार. एक वाटेत सोडून द्यावं लागलं, एक धुळीच्या वादळातून माघारी फिरलं, तिसऱ्याची हायड्रॉलिक यंत्रणा बिघडली. उरली पाच. मोहीम रद्द. परत निघताना एक हेलिकॉप्टर सी-१३० विमानावर आदळलं आणि आठ सैनिक मेले. बळाचा वापर नको म्हणणाऱ्या व्हान्स यांनी आधीच ठरवल्याप्रमाणे राजीनामा दिला.

कशाचा पश्चात्ताप होतो, असं २०१५ साली कार्टर यांना कोणीतरी विचारलं. ते तेव्हा नव्वदीचे होते आणि स्वतःच्या कर्करोगाची बातमी द्यायला बसले होते. ते म्हणाले की अजून एक हेलिकॉप्टर पाठवलं असतं तर बरं झालं असतं. अस्सल इंजिनियरचं उत्तर! सुटे भाग कमी पडले. मला मात्र ते उत्तर पटत नाही. चूक आठाच्या जागी नऊ नसण्यात नव्हती. आधी नवीन वर्षाच्या त्या पेल्यात होती, आणि मग २२ ऑक्टोबरला होती.

पण लोकांनी त्यांना हरवलं ते या दोन चुकांसाठी नव्हे. हरवलं ते ओलीस सुटले नाहीत म्हणून (आणि तेरा टक्क्यांच्या महागाईपायी, हे खरंच). दुसरा रस्ता काय होता? तेहरानवर बॉम्ब टाकणं. तसं केलं असतं तर झेंडे फडकले असते, निवडणूक कदाचित हातात आली असती, आणि बावन्न शवपेट्या आल्या असत्या. कार्टर यांना हे पुरेपूर माहीत होतं. त्यांनी अल्जीरियामार्फत, बँकेत गोठवलेल्या पैशांच्या हिशोबासह, शेवटच्या रात्रीपर्यंत जागून करार केला. म्हणजे पुन्हा बंद खोली आणि मसुदा. २० जानेवारी १९८१ ला रीगन यांची शपथ झाल्यावर काही मिनिटांनी विमान उडालं. बावन्नच्या बावन्न जिवंत. या पेपरात मी तरी त्यांना नापास करू शकत नाही.

मग नापास कुठे? मानवी हक्कांच्या पेपरात. तोच, ज्यात सगळे त्यांना पहिला नंबर देतात.

मानवी हक्क हा परराष्ट्र धोरणाचा पाया असेल, असं कार्टर यांनी सत्तेवर येताच जाहीर केलं होतं आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. अर्जेंटिनाच्या लष्करशहांची लष्करी मदत तोडली. तिथल्या तुरुंगात छळ सोसणारे संपादक जाकोबो तिमेरमान १९७९ साली सुटले त्यामागे अमेरिकेच्या दबावाचा मोठा वाटा होता. पण जिथे शीतयुद्धाचं गणित आडवं आलं तिथे पाया सोयीस्करपणे दुसरीकडे हलवला गेला. पूर्व तिमोरवर इंडोनेशियाने १९७५ साली हल्ला केला तो फोर्ड यांच्या काळात. पण डोंगरात लपलेल्या लोकांवर विमानांतून बॉम्बफेक आणि मग उपासमार, हा सगळ्यात भीषण काळ १९७७-७८ चा. कार्टर प्रशासनाने इंडोनेशियाला शस्त्रं देणं थांबवलं नाही, उलट वाढवलं. १९७४ ते १९९९ या काळात किमान १,०२,८०० माणसं या संघर्षापायी मेली, असं तिमोरच्या सत्यशोधन आयोगाने नंतर काढलं. त्यांचे ४४४ दिवस टीव्हीवर कोणी मोजले नाहीत.

आणि एल साल्वादोर. १७ फेब्रुवारी १९८० ला सॅन साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी कार्टर यांना पत्र लिहिलं. एका ख्रिश्चनाने दुसऱ्या ख्रिश्चनाला लिहिलेलं. तुम्ही मानवी हक्कांचे कैवारी आहात, तर आमच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका, ती आमच्याच लोकांवर चालवली जाईल, अशी विनंती होती. २४ मार्चला प्रार्थना चालवत असताना रोमेरो यांना गोळी घालण्यात आली. मदत गेलीच. डिसेंबरात त्या देशाच्या सैनिकांनी चार अमेरिकन धर्मसेविकांचा बलात्कार करून खून केला तेव्हा ती थांबवली, आणि जानेवारी १९८१ मध्ये, घरी जायला जेमतेम आठवडा उरला असताना, पुन्हा सुरू केली. यावेळी शस्त्रांसकट. निवडणूक हरून झाली होती, म्हणजे मतांचं भय हेही कारण नाही.

मळवलीच्या शंभर घरांनी हे पत्र पुसलं जात नाही. त्यांच्या संस्थेने नारूविरुद्ध केलेलं काम अचाट आहे. हो, तोच नारू, आपल्याकडे विहिरीतल्या पाण्यातून व्हायचा आणि पायातून काडीला गुंडाळत बाहेर काढायचे तो. भारताने तो स्वतःच्या कार्यक्रमाने संपवला, शेवटचा रुग्ण १९९६ सालचा. आफ्रिकेतल्या गावोगावी मात्र कार्टर सेंटर पाय रोवून उभं राहिलं. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख रुग्ण होते, कार्टर गेले त्या वर्षी पंधरा. हे त्या माणसाचं मोठेपण आहे, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालात ग्रेस मार्क म्हणून ते मिसळायचं नाही, कमी करायलाही नाही.

इथपर्यंत लिहून मी स्वतःवर खूश होतो. मग भारताचा भाग लिहायला घेतला आणि अडकलो.

तेहरानच्या त्या मेजवानीनंतर कार्टर थेट दिल्लीला आले, १ जानेवारी १९७८ ला. मोरारजी देसाई पंतप्रधान. मुद्दा तारापूरचा. आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरचं (तेव्हा ठाणे जिल्हा) हे अणुवीज केंद्र अमेरिकन कंपनीने बांधलेलं, १९६९ पासून महाराष्ट्र-गुजरातला वीज देणारं, आणि १९६३ च्या करारानुसार त्याला लागणारं समृद्ध युरेनियम अमेरिकेतून येणारं. १९७४ साली पोखरण झालं आणि तिकडे भुवया वर गेल्या. कार्टर यांचं म्हणणं, सगळ्या अणुभट्ट्या आंतरराष्ट्रीय तपासणीला खुल्या करा. मोरारजी म्हणाले, नाही. बैठकीनंतर कार्टर व्हान्स यांच्या कानात कुजबुजले की परत गेल्यावर यांना एक थंड आणि सडेतोड पत्र पाठवायला हवं. माईक चालू होता! दोन महिन्यांनी, मार्च १९७८ मध्ये, कार्टर यांनी अण्वस्त्र प्रसारबंदीच्या कायद्यावर सही केली : सगळं तपासणीला खुलं न करणाऱ्या देशाला इंधन नाही.

मग डिसेंबर १९७९ मध्ये रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि पट बदलला. एप्रिलमध्येच अणुकार्यक्रमापायी पाकिस्तानची मदत तोडणाऱ्या कार्टर यांनी आता त्याच पाकिस्तानला ४० कोटी डॉलर देऊ केले. (झिया उल हक यांनी ते 'शेंगदाणे' म्हणून धुडकावले. शेंगदाणेवाल्या राष्ट्राध्यक्षाला!) आणि भारत आणखी रशियाकडे झुकू नये म्हणून तारापूरला ३८ टन इंधन पाठवायचं ठरवलं. त्यांच्याच अणुनियामक आयोगाने एकमताने नकार दिला होता, तो त्यांनी बाजूला सारला. कनिष्ठ सभागृहाने प्रचंड बहुमताने विरोध केला. सप्टेंबर १९८० मध्ये, निवडणूक सहा आठवड्यांवर असताना, सिनेटमध्ये मत झालं आणि कार्टर ४८ विरुद्ध ४६ असे निसटले. इंधन मंजूर.

मला हे वाचून आनंद झाला होता. दिलेला शब्द पाळला, आणि तोही स्वतःचं नुकसान करून, असं मी या परिच्छेदाखाली लिहूनही टाकलं होतं. मग लक्षात आलं की ज्या माणसाला साल्वादोरपायी मी नुकतंच नापास केलं त्याने इथेही तेच केलं आहे. स्वतः सही केलेलं तत्त्व रशियाच्या धाकाने वाकवलं. फरक एवढाच की तिकडे वाकलं तेव्हा माणसं मेली, इकडे वाकलं तेव्हा आमच्याकडचे दिवे लागले. मेलेल्यांचा फरक लहान नाही, म्हणून साल्वादोरचा निकाल मी बदलत नाही. पण तारापूरला दिलेले मार्क मात्र मी खोडले आहेत. तिथे काय लिहायचं ते दोन शनिवार झाले तरी ठरलेलं नाही, त्यामुळे तो रकाना तसाच कोरा ठेवून लेख टाकतो आहे.